उणे एकचं पाणी

“पटणार नाही तुम्हाला. पैज लावतो, एकालाही पटणार नाही,” मामा म्हणाले आणि चहाचा कप त्यांनी अशा ऐटीत टेबलावर ठेवला की उठू पाहणारा इंजिनवालाही पुन्हा बसला.

“पटणार नाही, तर सांगता कशाला?” आचाऱ्यानं विचारलं. तो बटाटे सोलत होता.

“तुझ्याबद्दल आहे म्हणून. परवा तुझ्या पावाचा तुकडा मी गाळाच्या एका जुन्या नळीत टाकला. समुद्राच्या तळाची मंडळी ती! डोळ्यांना दिसत नाहीत, पण मेलेला देवमासा हाडांसकट जिरवतात. शेवाळ, माशांची घाण, कोळंबीची टरफलं, वरून पडेल ते गोड मानून घेतात. एका कप्तानाचा बूट पडला होता, तो माझ्यादेखत नाडीसकट संपवला. पण तुझा पाव? तीन दिवस कुणी शिवलं नाही. चौथ्या दिवशी बघतो तर पाव नळीच्या बाहेर!”

“बाहेर कसा?”

“ढकलून दिला. सगळ्यांनी मिळून. आणि झाकण आतून लावून घेतलं.”

इंजिनवाला हसता हसता ठसकला. आचाऱ्यानं एक बटाटा मामांच्या दिशेनं उगारला आणि मग, त्याच्याच्यानं राहवेना म्हणून, विचारलं, “आणि तो बूट? त्याचं काय झालं म्हणालात?”

झालं. मामांना एवढंच हवं होतं. बुटाची गोष्ट लांब होती, आणि ती सांगता सांगता कप्तानाचे दोन विवाह आणि एक बोलकी सील मध्ये यायची.

खरं तर मामांना या जहाजावर घेतलं होतं ते गोष्टींसाठी नव्हे. ते गाळवाले. ध्रुवाजवळच्या समुद्रात लोखंडी सांगाडा खाली सोडायचा, तळाचा गाळ नळ्यांमध्ये जसाच्या तसा उभा कापून वर आणायचा आणि तो गाळ वर आल्याचं त्याला स्वतःलाही कळू नये इतका जपायचा, हे काम ते तीस वर्षं करत होते. सगळं जहाज त्यांना मामा म्हणे. सख्खे मामा मात्र ते एकीचेच. त्यांची भाची याच जहाजावर संशोधन करत होती, आणि पहिल्या दिवशी शिडीवरून ती “मामा, पाय सांभाळ!” असं ओरडल्यापासून कप्तानासकट सगळ्यांनी ते नातं उचललं होतं. मामा तिला मुंगी म्हणत. अंगानं तेवढीच, आणि कामाला तशीच.

आठ नळ्या मुंगीच्या होत्या. प्रत्येक नळी हातभर लांब, खाली गाळ, वर समुद्राचं पाणी, वरून घट्ट बूच. चार नळ्या थंड खोलीत उणे एक अंशावर ठेवलेल्या. समुद्राचा तळ आज असतो तसा. चार शेजारच्या पेटीत अधिक तीनवर. समुद्र असाच तापत गेला तर तळ उद्या होईल तसा. आठही नळ्यांत तिनं वाळलेल्या शेवाळाची सारखीच चिमूट सोडली होती, आणि नऊ दिवस ती बघत होती की ही मंडळी, म्हणजे गाळातले सूक्ष्म जीव, जेवतात कशी. गाळाच्या वरच्या पातळ थरातले प्राणवायू ओढत भराभर जेवतात. त्यांच्याखालच्यांना प्राणवायू पोचत नाही, ते लोखंडाच्या गंजावर भागवतात. अगदी खालच्यांच्या कामाला कुजक्या अंड्याचा वास येतो. सगळ्यांचा मिळून हिशेब एकच: वरून पडलेल्यातलं किती कायमचं गाळात गाडलं जातं, आणि किती ही मंडळी खाऊन वायू करून परत वर धाडतात. उबेनं त्यांची भूक वाढली तर जास्त वायू वर जाणार, आणि मग ऊबही वाढणार. किती, ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मुंगीनं त्यासाठी आयुष्याची तीन वर्षं घातली होती. शेवटचं माप आज साडेचारला घ्यायचं होतं.

थंड खोलीच्या भिंतीवरचं तापमान टिपणारं यंत्र चौथ्याच दिवशी बंद पडलं होतं. तेव्हापासून दर तासाला मामा थर्मामीटर बघून वहीत पेन्सिलनं आकडा लिहीत. शाई खाऱ्या पाण्यात पसरते, म्हणून पेन्सिल. मामांची कीर्ती अख्ख्या जहाजाला ठाऊक होती. पण त्या वहीवर कुणी कधी शंका घेतली नव्हती. तोंडानं हजार थापा, पण वहीत एक नाही, हा मामांचा नेम होता, आणि तो त्यांनी तीस वर्षं पाळला होता.

जेवणघरात बूट आता तिसऱ्या थराला पोचला होता.

“मामा,” आचारी मध्येच म्हणाला, “इतका वेळ तुमच्या मंडळींना एकटं सोडलेलं चालतं का हो?”

“कितीसा वेळ? पंधरा मिनि...” मामांची नजर घड्याळाकडे गेली.

तीन वाजून वीस मिनिटं.

थंड खोली गार ठेवणाऱ्या यंत्राच्या जाळीवर बर्फ साचतो. दर दोन दिवसांनी यंत्र पंधरा मिनिटं बंद ठेवून तो वितळवावा लागतो. मामांनी ते बारा चाळीसला बंद केलं होतं. पंधरा मिनिटं आहेत, तोवर घोटभर चहा घेऊन येऊ, म्हणून ते वर आले होते.

“सीलचं काय झालं?” इंजिनवाल्यानं विचारलं.

“मेली,” मामा म्हणाले आणि निघाले.

जिन्याच्या पायऱ्या ते एरवी मोजून उतरत, गुडघ्यामुळे. आज मोजल्या नाहीत. खालच्या बोळात त्यांना आधी शांतताच ऐकू आली. थंड खोलीच्या दाराआडून दिवसरात्र यंत्राची घरघर यायची. नऊ दिवसांत ती इतकी कानात बसली होती की ती नसणं कानफटात मारल्यासारखं लागलं. त्यांनी दार उघडलं. खोली एवढीशी, दोघं उभे राहिले तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा. जाळीवरचा बर्फ केव्हाच वितळून गेला होता आणि फरशीवर पाणी होतं. भिंतीवरचा थर्मामीटर अधिक चार दाखवत होता.

त्यांनी खटका वर ओढला. यंत्र खोकलं आणि सुरू झालं.

चार नळ्यांशेजारी पाचवी एक होती, नुसत्या पाण्याची. आतलं तापमान कळावं म्हणून तिच्यात थर्मामीटर बुडवलेला. मामांनी चष्मा पुसला आणि बघितलं. परत पुसला, परत बघितलं. अधिक दोन पूर्णांक चार.

नळ्यांमध्ये काही बदललेलं दिसत नव्हतं. करडा गाळ, वर स्वच्छ पाणी, चकतीभर शेवाळ. पण मामांना माहीत होतं. अडीच तास तिथे ऊब पोचली होती, आणि उबेत मंडळींनी हात आखडता घेतला नसणार. खाल्लेलं काही परत येत नाही. तुलनाच संपली. थंड म्हणून ठेवलेल्या नळ्या थंड राहिल्या नव्हत्या.

“अडीच तास म्हणजे यांना डुलकीएवढेसुद्धा नाहीत,” ते मोठ्यानं म्हणाले. स्वतःलाच पटवायचं होतं. पटलं नाही.

सकाळी नाश्त्याला मोठ्या बाई, म्हणजे मोहिमेच्या प्रमुख, सगळ्यांना सांगून गेल्या होत्या: “पाचला सांगाडा बांधायचा, सहाला नांगर उचलायचा. कुणाला अजून गाळ हवा असेल तर पाचच्या आत सांगा. एकदा बांधला की मी सोडणार नाही, मग कुणी रडो.” परतीचा प्रवास आठ दिवसांचा. म्हणजे आत्ता जाऊन खरं सांगितलं तर नवा गाळ मिळाला असता, आणि आठ दिवसांत पुन्हा नाही म्हटलं तरी बरंचसं माप निघालं असतं. नऊ दिवसांचं नव्हे, पण खरं.

मामा दोन पावलं जिन्याकडे गेले. आणि थांबले.

कारण मोठ्या बाईंना खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. गेल्या मोहिमेत गप्पांच्या नादात मामांनी बर्फाची एक पेटी रात्रभर उघडी टाकली होती. या खेपेला बाई त्यांना घ्यायलाच तयार नव्हत्या. मुंगीनं त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं होतं, “मामाची जबाबदारी माझी. काही झालं तर मला धरा.” आता धरायला त्या मुंगीलाच धरणार. मामांच्या डोळ्यांपुढे बाईंचा चेहरा आला. रागावलेला नव्हे, नुसता ‘मी म्हटलं नव्हतं?’ असा.

साडेतीन. मुंगी रबरी होडीतून खाडीत गेली होती, वरच्या पाण्याची मापं घ्यायला. रोज दुपारी जायची. रोज आकडे सांगायला लागायची आणि रोज मामा कानावर हात ठेवत: “वरच्या पाण्याशी मला काय करायचंय? मी तळाचा माणूस.” चारला ती परत येणार.

मामा वर गेले ते थेट आचाऱ्याकडे. “बर्फ दे. दोन बादल्या. आणि मीठ.”

“कशाला?”

“पाय मुरगळलाय.”

“दोन बादल्या? पायाला?”

“दोन पाय आहेत.”

आचाऱ्यानं त्यांच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. मामांच्या तोंडावर गोष्ट नव्हती. तसं ते कधीच दिसलं नव्हतं. त्यानं बर्फ दिला, मीठ दिलं आणि सवयीनं भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं: बर्फ, दोन बादल्या, ३.३५.

पुढची पस्तीस मिनिटं मामा गुडघ्यांवर होते. मिठाचा बर्फ भलताच गार होतो. नळी त्यात सरळ ठेवली तर गाळच गोठायचा, म्हणून बर्फात समुद्राचं पाणी घालायचं आणि हातानं ढवळत राहायचं. नळी उचलताना तर श्वासही धरायचा, कारण एक हिसका बसला की तळ ढवळला जातो आणि वरच्या थरातले खालच्यांत मिसळतात. चार नळ्या त्यांनी अशा उतरवल्या की आतल्या पाण्यावर रेघही उमटली नाही. तेवढी कला हातात अजून होती. तीच उशिरा आली होती. एक पूर्णांक आठ. उजव्या हाताची बोटं लाल झाली. शून्य पूर्णांक नऊ. मग पांढरी. ढवळणं डाव्या हाताकडे दिलं. शून्य. उणे अर्धा.

चार वाजून दहा मिनिटांनी थर्मामीटर उणे एकवर आला. यंत्र घरघरत होतं. नळ्या जागेवर होत्या. खोली जशी असायला हवी तशी दिसत होती.

वहीत मात्र एक, दोन आणि तीनच्या रांगा कोऱ्या होत्या.

मामांनी पेन्सिल घेतली. बोटांत ती धरवेना. पण तेवढंच कारण नव्हतं. मागच्या सगळ्या पानांवर त्यांच्याच अक्षरात उणे एक, उणे एक, उणे शून्य पूर्णांक नऊ, असे खरे आकडे एकाखाली एक उभे होते. त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. वहीत लिहायचं तर त्याआधी ते कसंतरी खरं व्हायला हवं होतं.

आणि मग त्यांच्या डोक्यात गोष्ट आली. अशी चालून आली की त्यांना थोडं बरंच वाटलं.

यंत्र आपोआप बंद पडलं म्हणायचं. एकच्या सुमाराला. मग नळ्या कुठे ठेवल्या? बर्फात म्हणून चालणार नाही, बर्फाची वेळ आचाऱ्याच्या पाटीवर आहे. पण बाहेर समुद्र आहे की! उणे एकचा, फुकटचा, केवढाही. जाळीच्या पिशवीत घालून मागच्या बाजूनं पाण्यात सोडल्या. समुद्राला कुणी वेळ विचारत नाही. आणि तसं झालं असतं तर आकडा उणे एकच आला असता. म्हणजे जवळजवळ खरंच.

जिन्यावर बूट वाजले.

मुंगी दारात आली ती केशरी पोशाखातच. गाल वाऱ्यानं रापलेले, कोपरापर्यंत भिजलेली. गळ्यात दोरीला बांधलेली तिची छोटी वही.

“मामा, मी आले रे. जेवलास का? चल, शेवटचं माप घेऊन टाकू.” तिची नजर फरशीवर गेली. मग बादल्यांवर. “हे काय?”

“बस आधी.”

“बसू कुठे इथे? काय झालंय?”

“पटणार नाही तुला,” मामा म्हणाले. “पैज लावतो. पण नळ्या ठणठणीत आहेत, हे आधी ऐक.”

मुंगीनं हातमोजे काढले. “सांग.”

मामांनी सांगितलं. यंत्र कसं मधूनच आचके देत बंद पडलं. त्यांनी एक मिनिट, एक क्षणसुद्धा कसा दवडला नाही. नळ्या छातीशी धरून मागच्या कठड्यापर्यंत कसे गेले, चार नळ्या घेऊन, गुडघा असा असताना. पिशवी बांधली, दोरी सोडली आणि अडीच तास दोरी धरून तिथेच उभे राहिले.

“अडीच तास?”

“हात बघ माझा.” त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं अजून पांढरीच होती. तो हात तेवढा खोटा नव्हता, आणि मुंगीचा चेहरा तो बघून इतका कळवळला की मामांनी हात मागे घेतला. पण गोष्ट एकदा निघाली की त्यांना थांबता येत नसे. “आणि ऐक तर. एक सील आली. मोठी. पिशवीचा वास घेतला आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की बाबा रे, तळाची मंडळी तू वर कशाला टांगलीस?”

मुंगी हसली नाही. एरवी सीलपाशी ती हसायचीच. “मला बोलवायचं ना. होडीत वायरलेस होता.”

“दोरी सोडून बोलवू? हात दोनच आहेत.”

“मग दुसऱ्या कुणाला हाक मारायची.”

“मारली. वाऱ्यात कुणाला ऐकू जाते?”

ती वाकली. नळ्यांना हात न लावता एकेक बघत गेली. पहिली. दुसरी. “पाणी स्वच्छ आहे,” ती हळूच म्हणाली. “एक कणसुद्धा हललेला नाही. अडीच तास लाटांत लोंबकळूनही?”

“नळ्या कुणी धरल्या होत्या, ते विसरलीस? तीस वर्षं काय भजन केलं मी? लाट आली की दोरी ढिली, लाट गेली की दोरी ताणायची. समुद्राला कळलंसुद्धा नाही.”

हे उत्तर चांगलं होतं. मामांनाही आवडलं. मुंगी सरळ झाली आणि तिनं बादल्यांकडे मान केली.

“हा बर्फ?”

“यंत्र सुरू झाल्यावर. खोली गार व्हायला वेळ लागतो, तेवढ्यापुरता.”

वरून मोठ्या बाईंचा आवाज आला. बाहेर डेकवर त्या कुणाला तरी सांगत होत्या, “दोर काढून ठेवा. वीस मिनिटांत सांगाडा बांधायला घेऊ.” चार चाळीस.

मुंगीनं वही उचलली. एक, दोन, तीनच्या कोऱ्या रांगा तिनं बघितल्या, मग मामांच्या बोटांकडे.

“तुला लिहिता येत नाहीये,” ती म्हणाली. “आण, मी लिहिते. किती लिहू?”

मामांना हे नको होतं. तीस वर्षं त्यांनी वही राखली ती स्वतःच्या हातानं. आता त्यातली पहिली थाप मुंगीच्या अक्षरात पडणार होती. सांगून टाकावं, असं जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण वर बाई होत्या. आणि मुंगी पेन्सिल टेकवून वाट बघत होती.

“उणे एक,” ते म्हणाले.

“तिन्हीकडे?”

“तिन्हीकडे.”

“थर्मामीटर होता पिशवीत?”

“थर्मामीटर कशाला लागतो?” इथे मात्र मामांचा आवाज एकदम मोकळा झाला. कारण सगळ्या गोष्टीत ही एवढी एक बाब अशी होती की ती त्यांना बनवावी लागली नव्हती. “अगं, तीस वर्षं बघतोय मी ही खाडी. पहिल्यांदा आलो तेव्हा या दिवसांत इथून त्या टोकापर्यंत बर्फावरून चालत गेलो होतो. तळ घे, वर घे, कुठेही हात घाल. उणे एक म्हणजे उणे एक. यंत्र बंद पडेल, पण समुद्र कधी चुकतो का?”

मुंगीची पेन्सिल हलली नाही. तिनं ती वहीत आडवी ठेवली. गळ्यातली दोरी ओढून आपली छोटी भिजलेली वही पुढे घेतली, आजचं पान काढलं आणि ते मामांच्या चष्म्यासमोर धरलं.

“खोटं बोलतोयस, मामा,” ती म्हणाली. “जहाजाच्या मागच्या बाजूचं पाणी मी आज दोनदा मोजलंय, जाताना आणि येताना. अधिक साडेचार आहे.”